बेसाची पत्र्याची चौकट: सात महिन्यांच्या वापरानंतर

हा व्हॉइग्टलँडर बेसा नावाचा जुना फिल्म कॅमेरा आत्याच्या कपाटातून माझ्याकडे आला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचा. १०५ मिमीची स्कोपार लेन्स, अ‍ॅपर्चर ४.५, काँपुर शटर. सोबत चहाच्या डब्यात पत्र्याची एक काळी चौकट होती. आत्या म्हणाली, "ही हरवू नकोस बाबा, तुझे काका तिला फार जपायचे." का जपायचे, ते आता कळतंय.

चौकट काढली की १२० च्या (सुमारे ६ सेंमी रुंद फिल्मच्या) रोलवर ६×९ सेंमीचे ८ फोटो येतात. बसवली की ६×४.५ चे १६. पण ठरवायचं ते रोल भरण्याआधीच, कारण चौकट फिल्मच्या पुढे बसते. मेणवलीच्या घाटावर मी हेच विसरलो. चौकट आतच राहिली आणि मी आपला ६×९ समजून पायऱ्या, कृष्णा, देवळं अशी सगळी रुंदी धरून फोटो काढत राहिलो. हाती आले मधल्या भागाचे ८ उभे तुकडे. दोन्ही बाजूंचा घाट गेला. फार वाईट वाटलं. तेव्हापासून कॅमेऱ्याच्या चामडी पट्ट्याला चिठ्ठी बांधतो: ८ किंवा १६.

सोळाची मोजणी मला मनापासून आवडते. पाठीवर दोन लाल खिडक्या आहेत. पहिल्या खिडकीत १ आला की फोटो. मग तोच १ सरकवत दुसऱ्या खिडकीत आणायचा आणि पुन्हा फोटो. त्यानंतर पहिल्या खिडकीत २. फिल्मच्या मागच्या कागदावर ६×९ साठी छापलेल्या आठच आकड्यांत सोळा फोटो बसवले आहेत! मात्र लाल काच जुन्या, लाल रंग न दिसणाऱ्या फिल्मसाठी होती. आजच्या फिल्मला लाल दिसतो. म्हणून खिडक्यांवर काळी टेप लावून ठेवतो आणि रोल सरकवताना सावलीत तेवढ्यापुरती उचलतो. काही रोलांवर आकडे फिके असतात, तेव्हा चावी अगदी हळू फिरवा.

चौकटीमुळे फक्त फिल्म वाचते असं समजू नका. तीच लेन्स ६×९ वर ३५ मिमी कॅमेऱ्याच्या साधारण ४५ मिमीसारखी वागते, ६×४.५ वर ६५ सारखी, म्हणजे दृश्य अरुंद पण जवळचं दिसतं. शिवाय कॅमेरा आडवा धरला तरी फोटो उभा येतो. आत्याला ओसरीवर बसवून दोन मीटरवरून काढलेला फोटो याच चौकटीतला. कपाळावरच्या गोंदणाचे ठिपकेसुद्धा मोजता येतात. निसर्गासाठी मात्र मी ६×९ च वापरतो. ती निगेटिव्ह उजेडासमोर धरली की मोठी न करताच फोटो पाहिल्याचं समाधान मिळतं.

असा कॅमेरा विकत घेत असाल तर अंधारात आत टॉर्च लावून भात्याला (लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या घडीच्या भागाला) भोकं आहेत का ते बघाच, पण त्याआधी चौकट आहे का विचारा. ती सुटी असल्यामुळे बहुतेकदा हरवलेली असते.

सध्या आत सोळाचा रोल आहे. दुसऱ्या खिडकीत ५ आलाय, म्हणजे हा दहावा फोटो. तो उद्या सकाळी आत्याच्या अंगणात काढणार आहे.