पहिली लिंक, ₹12,690 आणि माझा गेलेला लेख

आधी आकडा सांगून टाकते, कारण तोच सांगायला सगळ्यात जड जातो. ₹12,690. लेख छापून घ्यायच्या नादात एवढे पैसे फसवणुकीत गेले. बडोद्यातल्या एका खाजगी कॉलेजात तासावर पैसे घेऊन शिकवणाऱ्या बाईला ही रक्कम किती, हे तशाच नोकरीतल्या माणसांना सांगायला नको. घरी मी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. मिस्टरांना वाटतंय पाचेक हजार गेले.

पैसे भरले की काहीही छापणाऱ्या बोगस जर्नलांबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. मीही ऐकलं होतं, विद्यार्थ्यांना सावधही केलं होतं. माझ्याबाबतीत झालं ते निराळं. जर्नल खरं, वेबसाइट खोटी. आपल्याकडे कितीतरी जुनी नियतकालिकं फक्त कागदावर निघतात, त्यांची वेबसाइट नसते. हे लोक त्यांचं नाव, मुखपृष्ठ आणि आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, उचलतात, वेबसाइट थाटतात आणि लेखकांकडून पैसे उकळतात. अभ्यासक याला क्लोन किंवा हायजॅक केलेलं जर्नल म्हणतात. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची केअर यादी होती, तिच्या साइटवर अशा क्लोन जर्नलांची वेगळी यादीच द्यायची वेळ आली होती. संशोधनातल्या गैरप्रकारांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या साइटनं 2022 पासून जगभरातल्या अशा जर्नलांची यादी ठेवली आहे, ती फुकट बघता येते. हे सगळं मला आता माहीत आहे.

माझा विषय बडोदा संस्थानातली ग्रंथालय चळवळ. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डनना बोलावलं, ग्रंथालयांचं वेगळं खातं उभं केलं, पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरवल्या. 1912 मध्ये ग्रंथालयांना वाहिलेलं नियतकालिक इथून निघालं, त्यात इंग्रजी आणि गुजरातीच्या जोडीला मराठी विभागही होता. माझा लेख त्या फिरत्या पेट्यांवर होता. जुन्या अहवालांतून एकेका तालुक्याचे आकडे हातानं उतरवून घेण्यात माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या आहेत.

या कामात मी दिवसभर सर्चवर असते. एखाद्या गावाचं आजचं नाव काय, संवताचा इसवी सन कोणता, अमुक पुस्तकाची पहिली आवृत्ती कधीची, कुठल्या ग्रंथालयात प्रत मिळेल, सगळं तिथेच बघते. कोण बघत नाही? एवढ्या वर्षांत फार तर एखादं साल चुकीचं मिळालं, पैसे कधी गेले नाहीत. त्यामुळे सरांनी एका जुन्या मराठी त्रैमासिकाचं नाव सुचवलं, तेव्हा मी नाव टाकलं आणि वरची पहिली लिंक उघडली. यात माझं काय चुकलं, हे मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. नाव अक्षरशः तेच होतं. आयएसएसएन खरा होता. लिंकच्याही वर हल्ली तयार उत्तराची चौकट येते, तिच्यात लिहिलं होतं की हे त्रैमासिक तज्ज्ञांकडून तपासलं जातं, केअर यादीत आहे, लेख स्वीकारणं चालू आहे. ते उत्तर त्या खोट्या साइटवरूनच उचललेलं होतं. म्हणजे चोराची साक्ष चोरानंच दिली आणि सर्चनं ती मला ठळक अक्षरांत वाचून दाखवली.

पक्कं लक्षात ठेवा, पहिली लिंक म्हणजे खरी लिंक नव्हे. वर येण्यासाठी जाहिरातीचे पैसे मोजता येतात, किंवा लोक जे शब्द टाकतात तेच पानभर पेरून ठेवता येतात. आणि जिथे खऱ्या नियतकालिकाची साइटच नाही, तिथे खोटीला वर यायला अडवणार कोण?

"केअर यादी बघायची ना," असं एका सहकारी बाईंनी मला सुनावलं. कुठली यादी? 2019 मध्ये सुरू झालेली ती यादी यूजीसीनं बंद केल्याचं फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झालं. आता जर्नल चांगलं की वाईट हे ज्यानं त्यानं, आपापल्या संस्थेनं ठरवायचं. पीएचडीसाठी लेख छापून आणायची सक्ती यूजीसीनं 2022 च्या नियमांतून काढली, पण "एखादा असलेला बरा" हे वाक्य प्रत्येक संशोधकाला आजही ऐकावं लागतं. सक्ती काढायची, यादी काढायची, आणि ठरवायला कोण बसवायचं, तर माझ्यासारखी बाई आणि तिचा मोबाइल!

लेख मेलनं पाठवला. आठवडाही झाला नव्हता आणि स्वीकारल्याचं पत्र आलं. पाठोपाठ फोन, हिंदीतून, अतिशय अदबीनं. "मॅडम, आपका विषय बहुत यूनिक है।" आधी वाङ्मयचौर्य तपासणीचे ₹1,180. मग छपाईचे ₹3,500. मग डीओआयचे, म्हणजे लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळख क्रमांकाचे, ₹2,360. मग "याच अंकात हवा असेल तर" ₹5,000. शेवटी छापील प्रत, प्रमाणपत्र आणि कुरिअरचे ₹650. एकदम बारा हजार मागितले असते तर मी फोन ठेवला असता. प्रत्येक वेळी आधी भरलेले वाया जातील या भीतीनं पुढचे भरले.

आता ज्या क्षणापाशी मी रोज रात्री परत जाते तो सांगते. ₹3,500 भरायचे होते. त्यांनी पाठवलेला क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर घेणाऱ्याचं नाव आलं, आणि ते होतं मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या कुठल्याशा दुकानाचं. साहित्य-इतिहासाचं पन्नासएक वर्षांचं मराठी त्रैमासिक, आणि पैसे मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानात. मला दिसलं होतं. मी पिन न टाकता थांबले, फोन करून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मॅडम, वो हमारे अकाउंटंट का खाता है, ऑडिट चल रहा है।" आणि मी पिन टाकला. मागे बाक वाजत होते, तास सुरू व्हायचा होता, पोरं वर्गात येत होती. शांत बसून विचार करायला मिळाला असता तर मी तो टाकला नसता. असल्या माणसांचे फोन बरोब्बर अशाच वेळी येतात. यूपीआयच्या स्क्रीनवर दिसणारं नाव हीच शेवटची पायरी असते. ते जुळलं नाही तर समोरच्याकडून खुलासा मागू नका, सरळ बंद करा. खुलासा त्याच्याकडे तयारच असतो.

पावतीही नीट बघा. माझ्या पावतीवर 18 टक्के जीएसटी लावलेला, खाली जीएसटी क्रमांकही छापलेला. तो क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर 27 नं सुरू होतो. माझ्या पावतीवरच्या क्रमांकात अक्षरं होती तेरा, सुरुवात 09 नं, म्हणजे उत्तर प्रदेश.

अंक आला तेव्हा पोटात गोळा आला. माझ्या लेखाच्या आधी काँक्रीटच्या मजबुतीवर लेख, नंतर मत्स्यशेतीवर. फाँट बदलताना जोडाक्षरं फुटलेली, "ग्रंथालय" हा शब्द पानापानावर मोडलेला, बॉर्डनचा "बार्डन" झालेला, तळटीपा सगळ्या गायब. तालुकावार पेट्यांचा तक्ता, ज्यासाठी मी डोळे फोडले होते, एका ओळीत आकड्यांचा ढीग होऊन पडला होता. डीओआय क्रमांक डीओआय डॉट ओआरजीवर टाकला, तर असा क्रमांकच नाही. हे क्रमांक नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेकडे सभासद प्रकाशकाला नव्या लेखाच्या नोंदणीला सुमारे एक डॉलर पडतो. माझ्याकडून ₹2,360 घेतले, आणि नोंदणी केलीच नाही.

तेव्हा कुठे ओळखीच्या एका ग्रंथपालांनी त्रैमासिकाचा जुना छापील अंक शोधून दिला. त्यातल्या नंबरावर फोन लावला. वयस्कर संपादकांनी उचलला. माझं ऐकून घेतलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "ताई, आमची वेबसाइट कधी नव्हतीच हो. आम्ही लेखकाकडून एक रुपया घेत नाही. तुमच्यासारखे बरेच फोन येतात." त्यांनीही तक्रार दिलेली आहे. साइट चालूच आहे. छापील अंक हातात घेऊन त्यावरचा नंबर फिरवणं, एवढंच आधी करायला हवं. सर्चमधून मिळालेला नंबर त्याच खोट्या साइटचा असतो.

आणि मग सुरू झाले हेलपाटे. बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्ही टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीनं झाला." रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाला जे संरक्षण आहे ते परस्पर झालेल्या व्यवहारांना, असं म्हणाली. बरं, मग निदान समोरच्या खात्याबद्दल त्या बँकेला कळवा? तर म्हणे फॉर्म भरा. फॉर्म भरला. उत्तर आलं की तक्रार बंद करण्यात आली आहे.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा "साहेब बंदोबस्तमां छे, काले आवजो." पुढच्या खेपेला साहेब होते. त्यांनी मी नेलेली प्रिंट चाळली, प्रमाणपत्र बघितलं आणि विचारलं, "बेन, लेख तो छपायो ने? तो पछी छेतरपिंडी शानी?" म्हणजे लेख छापला ना, मग फसवणूक कसली? मी समजावत राहिले की ज्या नावावर पैसे घेतले ते नाव त्यांचं नाहीच, ही तोतयेगिरी आहे. ते म्हणाले ग्राहक कोर्टात जा. मग म्हणाले, साइट कुठून चालते कोण जाणे, आमच्या हद्दीत येत नाही. मग म्हणाले, रक्कम लहान आहे. लहान? माझ्या टेबलावर ठेवा ना साडेबारा हजार, मग ठरवू लहान की मोठी! आणि हद्दीचं कारण तर कायद्यातच उरलेलं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायचीच आहे. फसवणुकीला न्याय संहितेचं कलम 318 आहे, संगणकावरून तोतयेगिरी करून फसवण्याला आयटी कायद्याचं 66-ड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे मला, इतिहासाच्या बाईला, पाठ झालं आहे. खुर्चीतल्या माणसाला ते माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. शेवटी साधा अर्ज ठेवून घेतला आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला. दमून घरी आले आणि पहिल्यांदा रडले.

पैसे जाताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासात. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जायच्या आत गोठवता आली तरच हाती काही लागतं. मला कळेपर्यंत अंक छापून झाला होता, मी कधी करणार होते? तुमचं तसं होऊ देऊ नका.

साइटचं वयही बघता येतं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कधी नोंदवलं ते हूइज या सेवेवर फुकट दिसतं. स्थापना सत्तरच्या दशकातली सांगणाऱ्या या साइटचं डोमेन वर्षभराचंही नव्हतं. आणि आयएसएसएन छापील आवृत्तीला वेगळा, ऑनलाइन आवृत्तीला वेगळा मिळतो. आयएसएसएनच्या पोर्टलवर क्रमांक टाका. तिथे फक्त छापील लिहिलेलं असेल आणि समोर चकचकीत ऑनलाइन अंक असेल, तर पुढे जाऊ नका.

पैसे मी एक वेळ विसरेन. लेखाचं काय करू? एकदा छापलेला लेख दुसरीकडे देता येत नाही, नवं जर्नल शोधलं की त्यांना हाच आधी दिसणार. मी काढून टाका म्हणून लिहिलं, तर उत्तर आलं, मागे घेण्याची फी ₹4,000. ती मी देणार नाही. खऱ्या संपादकांनी माझ्यासाठी पत्र लिहून दिलं आहे की या प्रकाशनाशी त्यांचा संबंध नाही. ते जोडून आता नव्यानं लेख पाठवणार आहे.

तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी लेख पाठवला असेल आणि पैसे अजून भरले नसतील, तर आजच मेल करा की मी लेख मागे घेत आहे, तो छापायला माझी संमती नाही. त्या मेलची प्रत जपून ठेवा. कॉपीराइटच्या फॉर्मवर तर अजिबात सही करू नका. माझ्या सहीचा फॉर्म त्यांच्याकडे आहे, आणि माझ्या प्रत्येक मेलच्या उत्तराला ते तोच जोडून पाठवतात.