उबू राजाच्या पंगतीत वाढलेले युरोपचे संगीत

बेर्न्ड आलोइस त्सिमरमान या जर्मन संगीतकाराच्या ‘उबू राजाच्या रात्रभोजनांसाठी संगीत’ (१९६६) या बॅले-रचनेत त्याचा स्वतःचा म्हणावा असा सूर शोधूनही सापडत नाही. जुन्या नृत्यधुनांपासून समकालीनांच्या कृतींपर्यंत सगळे उसने घेऊन त्याने ते एकमेकांवर रचले आहे. संताप मात्र सर्वस्वी त्याचा आहे.

मूळ नाटक ‘उबू राजा’, फ्रेंच लेखक आल्फ्रेद जारीचे. १० डिसेंबर १८९६ रोजी पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा उबूने तोंड उघडताच आलेल्या मोडक्या शिवीने प्रेक्षागृहात गदारोळ माजला होता. बायकोच्या चिथावणीवरून पोलंडच्या राजाचा खून करून गादी बळकावणारा उबू खादाड, भित्रा आणि क्रूर आहे. त्सिमरमान त्याची कथा सांगत बसत नाही, त्याच्या ताटात काय पडते ते ऐकवतो. बर्लिनच्या कला अकादमीचे सभासदत्व मिळाल्यावर त्याने त्याच अकादमीतल्या संगीतकारांच्या कृतींचे तुकडे या पंगतीत वाढले, हे धाडस मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे कीर्तनकार निरूपणात ज्ञानोबा, नामदेव, जनाबाईंची प्रमाणे देतो आणि ओळखीचा चरण येताच माना डोलतात. इथेही सगळी मदार ओळखीवरच आहे, पण ओळख पटताच श्रोता दचकतो. म्हणून परभणी-नांदेडकडच्या, पाश्चात्य ऑर्केस्ट्रा क्वचितच कानी पडणाऱ्या रसिकांनी आधी फ्रेंच संगीतकार बेर्लिओझच्या ‘सिंफनी फांतास्तीक’मधले वधस्थानाकडे जाणारे कूच (मार्चच्या चालीची धून) आणि जर्मन संगीतकार वाग्नरची वाल्किरींची, म्हणजे पुराणकथेतल्या युद्धदेवतांची, स्वारी ऐकून घ्यावी. त्सिमरमानच्या रचनेच्या शेवटच्या भागात, ‘मेंदू काढून घेण्याचे कूच’ या नावाच्या, त्याचा समकालीन जर्मन संगीतकार श्टोकहाउझनच्या नवव्या पियानो-रचनेतला एकच स्वरसमूह घणासारखा पुन्हापुन्हा आदळत राहतो आणि ही दोन्ही भव्य संगीते त्याच्याखाली चिरडली जातात. सत्ता कलेचे काय करते हे इतक्या थेटपणे सांगणारे दुसरे संगीत माझ्या ऐकण्यात नाही.

मधले नृत्यभाग तुलनेने फिके वाटतात, आणि मूळ धुना ठाऊक नसतील तर त्यांतला उपरोध हातून निसटतो. रचना जेमतेम वीस मिनिटांची आहे. इंटरनेटवर ऐकताना मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर हरवतात आणि घणाचा भार जाणवत नाही, तेव्हा चांगले हेडफोन वापरावेत.