पक्षयादी की मतदारसंघ: शाओ बी-खिम यांच्या दोन वाटा

तैवानच्या ११३ सदस्यांच्या संसदेत ७३ जागा मतदारसंघांच्या, ३४ पक्षयादीच्या (म्हणजे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात त्याच्या यादीतून भरल्या जाणाऱ्या) आणि ६ आदिवासी समाजांच्या आहेत. मतदाराच्या हाती एक मतपत्रिका उमेदवारासाठी पडते, दुसरी पक्षासाठी. सध्याच्या उपराष्ट्राध्यक्ष शाओ बी-खिम यांनी या दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत.

पक्षयादीची वाट स्त्रियांना तुलनेने सोपी, कारण यादीतून निवडून येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या सदस्यांत किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे घटनाच सांगते. २०१२ मध्ये शाओ डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या यादीतूनच संसदेत परतल्या. मात्र यादीतला क्रमांक पक्ष ठरवतो, आणि माझ्या मते हीच या वाटेची खरी किंमत.

मतदारसंघाची वाट मात्र खडतर. डोंगररांगा आणि प्रशांत महासागर यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीसारखा पसरलेला ह्वालिएन हा मतदारसंघ विरोधी क्वोमिंतांग पक्षाचा जुना बालेकिल्ला. तिथे २०१० च्या पोटनिवडणुकीत हरूनही शाओंनी तो सोडला नाही, २०१६ मध्ये जिंकला आणि २०२० मध्ये पुन्हा गमावला. त्याच वर्षी त्या अमेरिकेत तैवानच्या प्रतिनिधी झाल्या. (जन्म जपानमधल्या कोबेचा, आई अमेरिकन, परदेश त्यांना नवा नव्हताच.) यादीने त्यांना जागा दिली, तर ह्वालिएनने स्वतःच्या नावावर मते मिळवून दिली, आणि मला दुसरी कमाई अधिक मोलाची वाटते.