सरकारी केंद्राचं काम की खासगी रॉकेटवाल्यांचं? मकरपुऱ्याच्या शेडवाल्यांसाठी

2020 च्या जूनमध्ये सरकारने अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं, त्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्था जाहीर झाली, आणि 10 जून 2022 ला तिचं मुख्यालय बडोद्याहून दोन-अडीच तासांवर, अहमदाबादच्या बोपलमध्ये सुरू झालं. तेव्हापासून बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) आयुष्यभर पंपाचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग काढणाऱ्यालाही कधीतरी फोन येतोच, "सर, स्पेसचं मशीनिंग कराल का?" फोन इस्रोच्या एखाद्या सरकारी केंद्राच्या टेंडरबद्दल असतो, नाहीतर हैदराबाद-चेन्नईकडच्या एखाद्या नव्या रॉकेट कंपनीचा. मी दोन्हीकडची कामं केली आहेत. ज्यांच्याकडे व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आहे, सीएमएम (मापं तपासायचं यंत्र) निदान शेजारच्या शेडमध्ये तरी आहे आणि एएस 9100 या विमान-अवकाश कामाच्या गुणवत्ता प्रमाणपत्राचा खर्च उचलायचा की नाही यावर घरात वाद चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. टॉलरन्स, स्वच्छता, सीएमएम रिपोर्ट दोन्हीकडे सारखेच लागतात, त्यात शिरत नाही.

मटेरियलपासून सुरुवात करू, कारण पैसा तिथेच अडकतो. सरकारी केंद्र महागाचं मटेरियल बहुधा स्वतः देतं. एए 2219 ॲल्युमिनिअम, 15सीडीव्ही6 पोलाद, मॅरेजिंग स्टील, टायटॅनिअम, यातलं बरंचसं आपल्या नेहमीच्या स्टॉकिस्टकडे मागून मिळत नाही. मटेरियल फुकट, पण त्याच्या किमतीची बँक गॅरंटी आपण द्यायची, विमा आपण उतरवायचा, आणि काम संपल्यावर उरलेले तुकडे वजन करून हिशोबासकट परत करायचे. बँक गॅरंटी सुटेपर्यंत मार्जिनचे पैसे बँकेत झोपून राहतात. छोट्या शेडला हे जड जातं, खोटं कशाला बोला.

खासगीवाले म्हणतात, तुम्हीच घ्या, आम्ही भावात धरू. ऐकायला सुटसुटीत, पण मग दाखल्याची जबाबदारीही आपल्याच गळ्यात येते. हीट नंबर (धातू कोणत्या वितळणीतला तो), टेस्ट सर्टिफिकेट, अल्ट्रासॉनिक चाचणी, सगळं. हा कागद किती महाग पडू शकतो त्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. टॉरस एक्सएल रॉकेटचं नाकावरचं कवच दोनदा सुटलं नाही, 2009 मध्ये ओको आणि 2011 मध्ये ग्लोरी असे नासाचे दोन उपग्रह त्यात गेले. कवच फोडून वेगळं करणाऱ्या सांध्यातले ॲल्युमिनिअमचे भाग ज्या कंपनीने पुरवले होते, तिने चाचणीचे दाखले वर्षानुवर्षं खोटे दिले होते, असं नासाने 2019 मध्ये जाहीर केलं. दोन्ही मोहिमांचं मिळून नुकसान 70 कोटी डॉलरच्या वर. आपला स्टॉकिस्ट जेव्हा "सर्टिफिकेट पाठवतो, काम सुरू करा" म्हणतो, तेव्हा मला हे आठवतं आणि मी सळई करवतीवर चढवत नाही. या मुद्द्यावर मी कोणालाच झुकतं माप देणार नाही. एकीकडे पैसा अडकतो, दुसरीकडे जीव.

पैशांबद्दल थोडक्यात. सरकारी टेंडरमध्ये उद्यम नोंदणीवाल्या छोट्या कारखान्याला ईएमडी (टेंडरसोबतची अनामत) माफ असते, एल-1 च्या (सर्वात कमी भाव भरणाऱ्याच्या) 15 टक्क्यांच्या आत असाल तर त्याच्या भावाला येऊन कामाचा वाटा मागता येतो. उशीर झाला तर बहुतेक ठिकाणी आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त 10 टक्के कापतात. माल पोचून पास झाला की पैसे येतात. उशिरा येतात, पण येतात. खासगी कंपनी भाव चांगला देते, कधी ॲडव्हान्सही देते. पुढचं मात्र त्यांच्या पुढच्या गुंतवणुकीवर अवलंबून. 45 दिवसांत पैसे न दिल्यास ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, या 43बी(एच) कलमाचा आपल्याकडे बराच गाजावाजा झाला. पण ज्या कंपनीला अजून नफाच नाही, तिला वजावट गेल्याचं दुःख ते कसलं? एमएसएमई कायद्याखाली व्याज मागता येतं हे खरं. वाढत्या गिऱ्हाइकाकडे व्याज मागणारा कारखानदार मी अजून पाहिलेला नाही.

कामातली मजा विचाराल, तर खासगी कंपनी कितीतरी पुढे आहे. सरकारी ड्रॉइंगवर नंबर असतो आणि नावाच्या जागी ब्रॅकेट नाहीतर स्पेसर. तो कुठे बसतो, कशावर बसतो, हे विचारायची पद्धत नाही. इकडे पंचविशीतला एखादा डिझायनर व्हिडिओ कॉलवर मॉडेल फिरवून दाखवतो. "सर, हा पॉकेट अजून खोल गेला तर वजन वाचेल." आपण म्हणायचं, कोपऱ्याची त्रिज्या वाढव, मोठा कटर जाईल, भिंत थरथरणार नाही आणि वेळही वाचेल. तो लगेच "हो" म्हणतो, आणि संध्याकाळी ड्रॉइंग बदलून हजर. 18 नोव्हेंबर 2022 ला स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडालं, जवळजवळ 90 किलोमीटर वर जाऊन समुद्रात पडलं. त्या दिवशी आमच्या शेडमधली पोरं मोबाइलभोवती गोळा झाली होती. त्या रॉकेटमध्ये आमचा एक स्क्रूही नव्हता, तरी पोरं खूश. हा उत्साह सरकारी पीओच्या (खरेदी आदेशाच्या) कागदातून येत नाही.

"संध्याकाळी ड्रॉइंग बदलून हजर" म्हणालो ना, माझा निर्णय तिथेच झाला.

एका नव्या कंपनीचं काम होतं. नाव सांगत नाही, माणसं भली होती. सेन्सर बसवायचा ॲल्युमिनिअमचा ब्रॅकेट, तळहाताएवढा, एका अंगाला खोल पॉकेट, भिंत इतकी पातळ की शेवटचा फिनिश पास चालू असताना ऑपरेटर मशीनपाशी कोणाला बोलू देत नसे. फिक्स्चर (तुकडा मशीनवर धरायची पकड) बनवलं, पहिला पीस सीएमएमवर पास झाला, बॅच काढली, डिबरिंग (कडांची धार काढणं) झालं, क्रोमेटला (गंज रोखणाऱ्या लेपाला) पाठवायची तयारी झाली. रात्री व्हॉट्सॲपवर नवीन पीडीएफ. सेन्सर दुसऱ्या कंपनीचा घ्यायचं ठरलं, म्हणून दोन भोकं दीड मिलीमीटरने सरकली. चला, होतं असं. पण ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये रिव्हिजन, म्हणजे आवृत्तीचं अक्षर, पूर्वीसारखीच 'बी' होती. बदललेली होती फक्त फाइलच्या नावातली तारीख. म्हणजे उद्या कोणी दोन कागद शेजारी ठेवले, तर दोन्ही 'बी', दोन्ही त्यांचेच, आणि माझे पीस एकाप्रमाणे अचूक, दुसऱ्याप्रमाणे भंगार.

मी डिझायनरला फोन केला. तो म्हणाला, "सर, आधीचे पीस आम्ही टेस्टिंगला वापरू, काळजी करू नका." खरेदीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "आमच्या सिस्टिममध्ये पीओ एकाच रिव्हिजनचा आहे, त्यामुळे बिल एकाच बॅचचं." दोघेही आपापल्या जागी बरोबर आणि मी मधल्या मध्ये. पैसे शेवटी मिळाले, पूर्ण नाही. पण पैशांपेक्षा जास्त खटकलं ते हे की माझं काम बरोबर होतं असं दाखवणारा एकही कागद माझ्या हातात नव्हता. असा प्रकार नंतर इतरांकडूनही ऐकला, तेव्हा हा फक्त माझ्या नशिबाचा भाग नसावा.

सरकारी केंद्रात हे होऊ शकत नाही असं नाही, पण होताना मी पाहिलेलं नाही. तिथे ड्रॉइंग बदलायचं तर रिव्हिजनचं अक्षर बदलतं, सह्या होतात, पीओला दुरुस्तीपत्र निघतं, आणि तोवर केलेल्या कामाचं काय, हेही त्यात लिहिलेलं असतं. त्याची किंमत वेळात मोजावी लागते. साधी शंका विचारली तरी उत्तराला आठवडे लागतात, फिक्स्चर मशीनवरून उतरवून ठेवावं लागतं, आणि एखादं माप शतांशाने बाहेर गेलं तर डेव्हिएशनच्या (ती चूक चालवून घेण्याच्या) अर्जाचा प्रवास एखाद्या महसुली दाव्यासारखा चालतो. त्रास आहेच. पण तो त्रास आधी माहीत असतो, भावात धरता येतो. रात्री साडेअकराला मोबाइलवर येत नाही.

खासगीवाल्यांवर अन्याय नको, म्हणून हेही सांगतो. इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट पहिल्यांदा 1993 मध्ये उडालं. तीस वर्षं जुन्या रॉकेटची ड्रॉइंग आता हलणार तरी किती? नव्या कंपन्या अजून आपलं रॉकेट घडवताहेत, चाचणीत काही तुटलं की डिझाइन बदलणारच, आणि ते झटपट बदलतात म्हणूनच त्यांना गुंतवणूकदार पैसे देतात. त्यांची चाल चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. ती चाल माझ्या शेडला झेपत नाही, एवढंच. ज्याच्याकडे मशीन मोकळी आहेत, घरात एखादा तरुण इंजिनीअर आहे आणि बॅच परत काढावी लागली तरी हसून काढण्याइतकं भांडवल आहे, त्याला कदाचित तेच काम फळेल.

एक गोष्ट दोघांनाही लागू. अग्निकुल या खासगी कंपनीने 30 मे 2024 ला जे रॉकेट उडवलं त्याचं इंजिन थ्रीडी प्रिंटरमधून एका तुकड्यात निघालेलं होतं. त्याच महिन्यात इस्रोनेही पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं छापलेलं इंजिन 665 सेकंद चालवून पाहिलं. 14 भागांचा एक भाग झाला, 19 वेल्ड गेले, आणि कच्चा माल 565 किलोवरून 13.7 किलोवर आला. हा आकडा वाचून मी बराच वेळ गप्प होतो, कारण उरलेले साडेपाचशे किलो म्हणजे आपल्यासारख्यांचंच काम. छापलेल्या तुकड्याच्या बसणाऱ्या कडा मात्र अजून मशीनवरच कराव्या लागतात, तेवढा आधार आहे.

आणि आता सरकारी म्हणजे निव्वळ सरकारी राहिलेलं नाही. पाच पीएसएलव्ही बांधायचं कंत्राट 2022 मध्ये एचएएल आणि एल अँड टी यांच्या जोडीला मिळालं, एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं तंत्रज्ञानही एचएएलकडे चाललं आहे. अशा बड्या ठेकेदाराखाली काम घेतलं तर ड्रॉइंग इस्रोचं, गोठलेलं, आणि टेंडरची दगदग त्यांच्या डोक्यावर. भावात थोडी घासाघीस होते. माझ्याकडे सध्या जास्त काम याच वाटेने येतं, आणि आज कोणी पहिल्यांदा उतरत असेल तर मी बहुधा हीच वाट सुचवीन. बहुधा म्हणतोय, कारण तुमची मशीन आणि तुमची बँक मला माहीत नाही.

तरीही खासगी कंपनीचं काम घ्यायचंच असेल, आणि मीही अधूनमधून घेतो, तर पीओत दोन ओळी लिहून घ्या: "रिव्हिजनचं अक्षर बदललेलं ड्रॉइंग ईमेलने आल्याशिवाय बदल लागू होणार नाही. आधीच्या रिव्हिजनप्रमाणे तयार झालेल्या मालाचं पूर्ण बिल देय राहील." यावर काही जण लगेच सही करतात. काही जण म्हणतात, "आमच्या लीगलला विचारतो," आणि मग त्यांचा फोन येत नाही. त्यांच्यासाठी फिक्स्चर करायला घेऊ नका.