बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) भाड्यानं आणलं, मशीन ठीक पण मास्कनं रडवलं

बाबांना सीओपीडी आहे, म्हणजे फुप्फुसाच्या नळ्या आखडून कायमचा दम लागायचा आजार, जुने बिडीवाले. डिसेंबरच्या थंडीत एवढा दम लागला की नागपुरात धंतोलीत आयसीयूत न्यावं लागलं, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून रक्त आम्लीय झालं, पीएच 7.25 पर्यंत खाली आला होता, हाक मारली तर डोळेही उघडून नव्हते राहिले. आम्हाला वाटलं आता घशात नळी टाकतात, पण डॉक्टरांनी बायपॅपचा मास्क बांधला आणि संध्याकाळी बाबा चहा मागून राहिले होते बाप्पा!

सुट्टी देताना रात्री घरीही लावा म्हणाले. विकत घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून शहरातल्याच एका दुकानातून महिन्याच्या भाड्यानं आणलं, नाव नाही घेत.

मशीनबद्दल तक्रार नाही. श्वास घेताना प्रेशर 14, सोडताना 6, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं तसं दुकानाच्या पोरानं सेट करून दिलं, आवाज आमच्या कूलरच्या पाव पण नाही. पोरगा हुशार होता, आम्ही आयसीयूतला निळ्या कोपराचा (नळी जोडायचा वाकडा तुकडा निळा असलेला) मास्क घरी आणला होता तो त्यानं लावूच दिला नाही. म्हणे याला हवा बाहेर जायला भोकं नाहीत, घरच्या मशीनला एकच नळी असते, सोडलेला श्वास परत आतच जाईल. त्याला पूर्ण मार्क.

पण दुकानानं स्वतःचा जो मास्क दिला तो! साइज एल, बाबांचा चेहरा एवढासा, कडेची रबरी गादी पिवळी पडलेली, हवा सरळ डोळ्यात, रात्रभर लीकचा अलार्म. फोन केला तर "अजून कसून बांधा". कसून बांधला, तिसऱ्या दिवशी नाकाच्या हाडावरची चामडी निघाली. शेवटी ओळखीच्या सिस्टरनं सांगितलं की पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजे, आणि मास्कच मोठा आहे तर कसून काय होणार. एम साइजचा नवीन आणला पदरच्या पैशानं, त्या रात्री बाबा सहा तास झोपले.

अजून एक, यात बॅटरी नाही हे कोणी सांगितलंच नाही. लाइट गेली की मास्क लगेच काढा, नंतर आम्ही इन्व्हर्टरवर घेतलं. ऑक्सिजन पण जोडलेला असेल तर मनानं वाढवू नका, बाबांचा बोटावरच्या मशीनवर दिसणारा ऑक्सिजन 88 ते 92 टक्केच ठेवायला सांगितलंय.

मशीनला चार स्टार, मास्कला अर्धा. डिपॉझिट मागायला गेलो तर "मंगळवारी या" म्हणे, दोन मंगळवार झाले.