बस स्टँडमागचं ॲक्युप्रेशर सेंटर, जाऊन आल्यावर लिहिते

आमचं गाव परतवाड्याच्या बाजूचं, माझं शिवणकाम, त्यामुळे उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भरून येणं नेहमीचंच. बस स्टँडच्या मागच्या गाळ्यात ॲक्युप्रेशर सेंटर सुरू झालंय, मी आणि सासूबाई तिथं बरेचदा जाऊन आलो, म्हणून आपल्या भागातल्या लोकांसाठी लिहिते. एका वेळचे ५० रुपये घेतात, वीसेक मिनिटं देतात, जागा साधी आहे पण स्वच्छ.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे तिथले भाऊ नुसतं दाबून सोडत नाहीत, पॉइंट आपल्याकडूनच शोधून घेतात. माझ्या हाताला बॉलपेननं खूण करून दिली. कोपर वाकवलं की जी घडी पडते तिचं बाहेरचं टोक पकडायचं, तिथून आपल्याच अंगठ्याच्या रुंदीनं दोन अंगठे मनगटाकडे यायचं, तिथं दाबलं की नस ठणकल्यासारखी कळ येते, तोच पॉइंट. एक-दोन मिनिटं दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. मला हातातल्या ताठरपणाला खरंच आराम पडतो, लग्नसराईत ब्लाऊजचा ढीग असला की मी मशीनवर बसल्या बसल्याच करते. सासूबाईंची बोटं कापूस वेचून बोंडांच्या टोकांनी पार ओरबाडलेली होती, तर भाऊंनी जखमेच्या जागेला हातच लावला नाही, वरच्या बाजूनं दाबलं. "दुखते का जी आजी?" तर ह्या म्हणे, "हाव, पण बरं वाटून रायलं, दाब बाप्पा."

आता मेन गोष्ट, मळमळ. आमच्या पोरीला चिखलदऱ्याचा घाट लागला की उलटी ठरलेली, एसटीत खिडकी पकडूनच बसायची. तिच्यासाठी मनगटाच्या आतल्या बाजूचा पॉइंट शिकवला, मनगटाच्या घडीपासून तिचीच तीन बोटं आडवी ठेवायची आणि ती बोटं संपतात तिथं, कोपराच्या बाजूला, मूठ जरा आवळली की दोन शिरा दोरीसारख्या वर येतात ना, त्यांच्या बरोबर मधात. मोठ्या माणसाची तीन बोटं लहान लेकराच्या हातावर मोजायची नाहीत, जागा चुकते. मी घरी इलॅस्टिकच्या पट्टीला आतून कोटाचं बटण शिवलं आणि बस सुटायच्या आधीच दोन्ही मनगटांना बांधलं, बोटं निळी पडणार नाहीत एवढंच घट्ट. गेल्या खेपेला वरपर्यंत बिना उलटीची गेली पोरगी! ह्या पॉइंटवर अभ्यासही पुष्कळ झालेत, ऑपरेशननंतरच्या मळमळ-उलट्यांबद्दल २०१५ मध्ये कोक्रेन नावाच्या, उपचारांवरचे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं ५९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात फरक पडतो असंच निघालं. घाटाची गोष्ट वेगळी, पण आमच्या पोरीला जमलं.

डोकेदुखीसाठी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधातला मांसल भाग दाबतात. तो बायांना दाबायच्या आधी भाऊ दरवेळी विचारतात, "ताई, दिवस गेले आहेत का?" कारण गरोदरपणात तो दाबत नाहीत. झोपेसाठी करंगळीच्या बाजूला मनगटाच्या घडीवर एक पॉइंट आहे, सासूबाईंना त्यानं बरं वाटते म्हणे, मला काही फार कळलं नाही.

पण बाहेरचा बोर्ड मला बिलकुल पटला नाही. शुगर, बीपी, थायरॉईड सगळं बरं होते असं लिहून ठेवलंय, आणि तेच वाचून आमच्या शेजारची एक काकू शुगरच्या गोळ्या बंद करायला निघाली होती! हात दाबून शुगर जात नाही बाप्पा, गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायच्याच नाहीत. मी भाऊंना तोंडावर सांगितलं की हे खोडा, ते "हो ताई" म्हणाले पण बोर्ड अजून तसाच आहे, त्याचे मार्क मी कापते. माणूस मात्र जबाबदार आहे, हे पण सांगते. आम्ही बसलो होतो तेव्हा एक आजोबा डावा हात दुखते म्हणून आले, अंगाला घाम सुटला होता, छाती भरल्यासारखी वाटते म्हणत होते, तर भाऊंनी हातात हात पण घेतला नाही, सरळ १०८ ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत त्यांना बसवून ठेवलं. ते पाहून माझा विश्वास बसला.

लाकडाची जिम्मी, म्हणजे पॉइंट दाबायची छोटी काडी, तिथं विकायला आहे, नाही घेतली तरी चालते, अंगठा पुरतो. बाजाराच्या दिवशी लय गर्दी असते, दुसऱ्या दिवशी सकाळीच जा, आणि हाताला तेल लावून जाऊ नका, बोट घसरते न् पॉइंट सापडत नाही.