पीटर की कमला?

इंदूरला नववीत शिकणाऱ्या भाचीला पीटर पार्करचे (म्हणजे स्पायडर-मॅनचे) कॉमिक्स द्यावे की कमला खानचे (म्हणजे मिस मार्व्हल या सुपरहिरो मुलीचे), असे ताईने विचारले आहे. शाळेपुरते पाहिले, तर १९६२ साली अवतरलेला पीटर १९६५ मध्येच शाळा संपवून मोकळा होतो. २०१४ पासून स्वतंत्र मालिका लाभलेली जर्सी सिटीची कमला मात्र अभ्यास, आईचा धाक आणि रात्रीची गस्त यांत बराच काळ अडकलेली असते. पीटरच्या जुन्या चौकटी संवादांनी खच्चून भरलेल्या असल्याने त्या वाचायला नेट लागतो. परंतु स्पायडर-मॅनच्या वेषातले स्वतःचेच फोटो वृत्तपत्राला विकून मे काकूंच्या घराला हातभार लावण्याची त्याची ओढाताण (संपादक त्यालाच गुन्हेगार ठरवतो, ही गंमत वेगळीच) कमलाच्या वाट्याला येत नाही. नव्याने वाचणाऱ्या भाचीला कमला द्यावी. जुनी चित्रशैली आवडणाऱ्याने पीटर घ्यावा.